कापसाच्या हाराला केळ्याचा वास

आमच्या कारखान्याची ती वार्षिक सभा विरोधी पॅनेलनं उधळली, असं केज तालुक्यात अजून सांगतात. गेल्या वर्षी एका लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या गृहस्थांनी मला ती हकिगत अगदी रंगवून सांगितली. विरोधकांनी म्हणे बाहेरून एक माणूस आणला होता, त्याच्याजवळ मंत्र होता, त्यानं चिमूटभर अंगारा फुंकला आणि आग्या मोहोळ उठलं. मी जिलेबी खात सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी "अगं बाई!" असंही म्हणाले. पण आता गुडघे गेले, चष्म्याचे नंबर वाढले, आणि ज्यांना शब्द दिला होता ते चेअरमन साहेबही राहिले नाहीत. तेव्हा सांगून टाकते. ती सभा मी उधळली. माझ्याजवळ मंत्र नव्हता. बी.एस्सी.ची डिग्री होती, आणि तीही सेकंड क्लास.

आमचं घर कारखान्याच्या भोंग्याच्या टप्प्यात, माळाच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढं काट्यांचा वाडगा, आणि वाडग्यात माझ्या वडिलांची, आबांची मेंढरं. मेंढरं रवंथ करतात त्याचा एक आवाज असतो, ओल्या वाळूवरून कुणीतरी अनवाणी चालल्यासारखा. त्या आवाजातच मी अभ्यास केला. कोणी म्हणालं की घरात गडबड असते म्हणून अभ्यास होत नाही, तर मला अजून हसू येतं. माय फार बोलायची नाही, पण बोलली की समोरचा माणूस दोन दिवस विचार करत राहायचा. दुष्काळाच्या त्या सालात आमच्याकडे रोज येसर असायचा. धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की झाली आमटी. माय त्यात इतकं पाणी घालायची की एकदा आबांनी ताटात वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्यात माजं तोंड दिसायलंय." माय म्हणाली, "मग पुसून घ्या. दाढी वाढलीय."

मी रसायनशास्त्र शिकले हे आबांना पटलं होतं, समजलं मात्र नव्हतं. बीडच्या वसतिगृहातून सुट्टीला आले की ते विचारायचे, "म्हंजी औषिदाचं दुकान टाकायचं का?" नाही म्हटलं की, "मग मास्तरीण?" त्यालाही नाही म्हटलं की ते काठी उचलून मेंढरांकडं जायचे. परीक्षा झाल्यावर मला कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामापुरतं काम मिळालं, उसाचा रस तपासायचं. आबांनी चार गावांत सांगितलं, "पोरगी रस गोड हाय का न्हाई ते सांगती." गावोगाव लोक म्हणाले, ते तर आम्हीही सांगतो.

पण त्या वर्षी ऊसच नव्हता. माजलगावच्या धरणाचं पाणी आमच्या बाजूला आलेलं नव्हतं, विहिरींचे तळ दिसत होते, आणि निम्मा ऊस चारा-छावणीत जनावरांच्या पुढं पडला होता. महिना-दीड महिन्यात गाळप आटोपलं. चरक थांबले, भोंगा तेवढा वेळेवर वाजत राहिला. मळीपासून अल्कोहोल काढायचं युनिट साठवलेल्या मळीवर कसंबसं चालू होतं, म्हणून प्रयोगशाळा उघडी होती. तिथं आम्ही दोघंच, मी आणि चीफ केमिस्ट सय्यद साहेब.

सय्यद साहेब मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, पण शिकले हैदराबादला. तिथं त्यांनी पाच वर्षं संशोधन केलं आणि प्रबंध अर्धवट टाकून परत आले. वडील वारले होते, पाठीमागं तीन बहिणी होत्या, एवढंच ते सांगायचे. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात एक मोठा कागद घडी घालून ठेवलेला होता. पहिल्यांदा त्यांनी तो माझ्यापुढं उलगडला तेव्हा मला वाटलं कारखान्याच्या पाइपलाइनचा नकाशा आहे. तो एका रेणूचा नकाशा होता. कुठल्याशा झाडाच्या सालीत सापडणारा रेणू. षटकोनांना षटकोन चिकटलेले, मधूनच पाचकोनी कडं, कुठं ऑक्सिजनचा पूल. हाच रेणू बाटल्यांतल्या साध्या रसायनांपासून बनवायचा त्यांचा विचार होता. एकवीस पायऱ्या होत्या. चौदाव्या पायरीवर गाडी अडली ती अडलीच.

"एकवीस पायऱ्या, साहेब?" मी म्हणाले. "झाड तर सहज करतंय."

"झाडाला करोडो साल मिळाले, बेटा. मला फेलोशिप पाच सालची होती."

दुष्काळानं आम्हाला रिकामा वेळ दिला आणि साहेबांनी त्याचं कॉलेज केलं. ते म्हणायचे, मोठा रेणू बांधायचा तर सुरुवातीपासून विचार करायचा नाही. तयार रेणू समोर ठेवायचा आणि विचारायचं, ह्यातली शेवटची जोडणी कोणती असेल? ती कागदावर तोडायची. मग उरलेल्या दोन तुकड्यांत पुन्हा तेच. तोडत तोडत अशा ठिकाणी यायचं की जिथं हातातले तुकडे बाजारात मिळतात. "आधी तोडायला शिक. लोक जोडायला धावतात आन् फसतात." मी पोत्यानं कागद खर्च केले. कापूर तोडला, पुदिन्याचा अर्क तोडला, एकदा चिडून साहेबांचा तो सालीचा रेणूही तोडला आणि त्यांच्या एकवीस पायऱ्यांऐवजी नऊच पायऱ्यांत बसवला. साहेबांनी चष्मा वर करून बघितलं आणि शांतपणे सांगितलं की सहाव्या पायरीला माझा फ्लास्क फुटेल.

हैदराबादहून त्यांचे कोणी जुने मित्र इंग्रजी नियतकालिकांचे अंक पोस्टानं पाठवायचे. सहा-आठ महिने शिळे. केजहून येणाऱ्या एस.टी.तून ते गठ्ठे उतरत, आणि साहेब लग्नपत्रिका वाचावी तसे उभ्या उभ्याच वाचू लागत. तो काळ या शास्त्रात मोठ्या धामधुमीचा होता. एकमेकांकडं ढुंकूनही न बघणारे दोन कार्बन अणू एखाद्या धातूच्या मध्यस्थीनं जोडायच्या नव्या नव्या पद्धती निघत होत्या. पॅलेडियम नावाचा धातू दोन्ही पक्षांचा हात धरतो, सोयरीक जुळवतो आणि स्वतः जसाच्या तसा बाजूला होऊन पुढच्या लग्नाला निघतो. साहेब एकदा टेबलावर थाप मारून ओरडले, "देख! सात पायऱ्यांचं काम दोन पायऱ्यांत! आमी काय केलं असतं ह्यानं, काय केलं असतं!" मग बराच वेळ ते खिडकीतून बंद पडलेल्या चरकांकडं बघत बसले. पुढं माझं सगळं आयुष्य अशाच जोडण्या शोधण्यात गेलं. कपाशीवरच्या बोंडअळीच्या पतंगांना भुलवणारा गंध स्वस्तात बनवायची एक रीत आम्ही चौघांनी मिळून बसवली, तिच्या लेखात माझं नाव तिसरं आहे. साहेबांचा सालीचा रेणू मात्र दुसऱ्यांनीच बनवला, अकरा पायऱ्यांत. मी तो लेख वाचला तेव्हा साहेब नव्हते. असो, सभेकडं येते.

अल्कोहोलच्या युनिटात शेवटी एक घाण तेल उरतं. त्याचा वास घशात अडकतो आणि डोकं धरतं. कामगार त्याला "सासू" म्हणायचे. साहेबांनी एके दिवशी ते बाटलीभर आणलं, गाळलं, तापवून त्यातला एक भाग वेगळा काढला आणि म्हणाले, "आता ह्यात ॲसेटिक ॲसिड टाक. तेच, सिरक्यातलं, पण कडक. दोन-चार थेंब गंधकाचा तेजाब. आन् तासभर उकळ, वाफ बाहेर जाऊ देऊ नको." मी उकळलं. मग ते सगळं पाण्यात ओतलं, खायच्या सोड्यानं धुतलं. पाण्यावर बोटभर पारदर्शक थर तरंगला. मी बूच काढलं आणि प्रयोगशाळेत केळी पिकली. खरं सांगते, अंगणात घड टांगून ठेवल्यावर चौथ्या दिवशी येतो तो वास. सासूची आणि सिरक्याची सोयरीक झाली आणि पोटी केळं आलं! आजवर मी त्याहून शंभरपट अवघड रेणू बनवले असतील, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही.

अर्ध्या तासात दारात माणसं जमली. सगळ्यात पुढं कारखान्याच्या तळ्यावरचा वॉचमन भानुदास. "कुणी आनली बे केळी?" म्हणत त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं, कपाट उघडलं, साहेबांच्या पिशवीतही डोकावला. त्या वर्षी केळं कुणी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मी त्याला बाटली दाखवली तर त्याला वाटलं मी त्याची टिंगल करते. घरी गेले तर मायनं माझ्या पदराचा वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"एकलीच खाल्लीस?"

"माय, केळं नव्हतं. वास होता."

"आगं, सालटं तरी आनायचंस. शेळीला घातलं असतं."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आता चेअरमन साहेबांविषयी. अंगानं भरदार, आवाज खर्जातला, आणि प्रत्येक भाषणाचा शेवट ठरलेला: "धरनाचं पानी येऊ द्या, तुमच्या बांधाबांधावर केळीच्या बागा उभ्या करतो." लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन त्यांना "केळीवाले" म्हणायचे. कारखान्याच्या मागं एक मोठं साठवण तळं होतं. चहूबाजूंनी उंच भराव, भरावावर तारेचं कुंपण, एकच फाटक आणि फाटकावर भानुदास. आत काय आहे ते बाहेरून दिसायचं नाही. छावणीतल्या जनावरांना पाणी तळ्यातून द्या, अशी मागणी उन्हाळ्याच्या तोंडी सुरू झाली. चेअरमन साहेब सांगायचे, तळ्यात नुसता चिखल आहे. सभेत तसा ठरावच येणार होता: तळ्यात पाणी नसल्याने छावणीस देता येत नाही. ठराव एकदा मंजूर झाला की तहसीलदारही काही करू शकले नसते, असं म्हणत. आणि भरावापलीकडच्या चेअरमन साहेबांच्या मोसंबीच्या बागेची पानं मात्र टवटवीत होती.

आबा दोन वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. भानुदासनं जमिनीकडं बघत सांगितलं, "मला इचारू नका, मामा. पोटाचा सवाल हाय." आबा परत आले, भाकरी मोडली आणि म्हणाले, "चिखल हाय म्हनत्यात. मग टाकीवर आग्या मव्हळ कावून बसलंय? मव्हळ पान्याबिगर बसत न्हाई." कारखान्याच्या उंच टाकीला खरोखरच परातीएवढी दोन मोहोळं लटकली होती. पण मोहोळाची साक्ष कोण काढणार? आबांनी ठरवलं होतं, सभेनंतर मेंढरं घेऊन गोदावरीकडं निघायचं. तशी माणसं निघाली की कधी परततील याचा भरवसा नसतो. निम्मी मेंढरं वाटेत जातात. माय घोंगड्या झटकून ठेवू लागली होती.

सभेच्या आदल्या दिवशी कार्यालयातून निरोप आला की चेअरमन साहेबांसाठी हार हवा. दुष्काळात झेंडू कुठला? मग कापसाचा हार करायचं ठरलं आणि ते काम मायकडं आलं, कारण देवाची वस्त्रमाळ तिच्यासारखी कुणी करत नसे. तिनं जाडजूड, तीन पदरी, मधे कुंकवाची बोटं लावून सुंदर हार केला. तो बघता बघता माझ्या डोक्यात आलं की माणूस इतकी वर्षं केळी केळी करतोय, तर लोकांना निदान वास तरी मिळावा. ह्यापलीकडं, शपथेवर सांगते, माझा काही डाव नव्हता. सभेच्या सकाळी हार पोचवायला मीच गेले. वाटेत प्रयोगशाळेत शिरले, बाटलीतलं निम्मं केळं तिन्ही पदरांत मुरवलं आणि हार प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून व्यासपीठावर नेऊन दिला.

मांडव तळ्याच्या भरावाला लागून, टाकीच्या सावलीत होता. सावलीची जागा तेवढीच. सभासद घोंगड्या, उपरणी अंथरून बसले. हार घातला गेला, टाळ्या झाल्या, चेअरमन साहेब माइकपुढं आले. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं नाक वर केलं. मग दुसऱ्यानं. कुजबुज मागं मागं सरकत गेली. चेअरमन साहेब अजून पावसाच्या आकड्यांवरच होते, पण मागून कोणी तरी ओरडलं, "साहेब, आली का केळी?" सगळा मांडव हसला. मी बायकांच्या बाजूला पदर तोंडात कोंबून बसले होते. शेजारी मायनं माझ्याकडं एकदा बघितलं, मग माझ्या पदराचा वास घेतला, आणि तिला सगळं कळलं.

मग तो आवाज आला. आधी मला वाटलं माइकच घुमतोय. टाकीवरचं मोहोळ काळ्या कापडासारखं हललं, सुटं झालं आणि खाली आलं. आठशे माणसांतून कुणालाही न विचारता ते थेट व्यासपीठावर गेलं. चेअरमन साहेबांनी आधी हातातल्या कागदांनी माश्या हाकलल्या. मग माइक टाकला. मग त्यांनी हार काढायचा प्रयत्न केला, पण तीन पदर टोपीत अडकले, आणि हार गळ्यात तसाच घेऊन ते धावत सुटले. मांडवात गोंधळ माजला. जाणत्यांनी घोंगड्या डोक्यावर घेतल्या, नेणते पळाले. चेअरमन साहेब भराव चढले. फाटकावर भानुदास होता. त्यानं चेअरमनला येताना बघितलं, त्यांच्या मागचा ढगही बघितला, आणि फाटक सताड उघडून स्वतः आडवा पडला. पलीकडून धबाक्कन आवाज झाला. नुसत्या चिखलात पडलं की तसा आवाज येत नाही.

आबा डोक्यावर घोंगडं घेऊन भरावावर गेले होते. त्यांनी खाली बघितलं, मग वळून सगळ्या सभेकडं बघितलं आणि आयुष्यात कधी बोलले नाहीत इतक्या मोठ्यानं बोलले, "मंडळी! पानी हाय! चेअरमन सायबाच्या गळ्यापतोर हाय!"

माश्या चावत असतानाही माणसं भराव चढून बघायला गेली. हिरवंगार पाणी होतं, काठाकाठानं भरलेलं, आणि मधोमध चेअरमन साहेबांची टोपी तरंगत होती. ठराव वाचायला सेक्रेटरींना डोळा उघडत नव्हता. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांची जीप आली, तिसऱ्या दिवशी छावणीला पाइप जोडला. छावणीच्या नियमात मेंढी बसत नाही, पण पाइप कुठं तरी गळतोच, आणि तिथं खड्डा होतो, आणि खड्ड्यावर कुणाचा नियम नसतो. आबांनी घोंगड्या पुन्हा खुंटीला टांगल्या.

हसू तिथंच संपलं. एका वयस्कर सभासदांना इतके काटे बसले होते की केजच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावावं लागलं. ते बरे झाले, पण त्या दोन दिवसांत माझ्या घशाखाली येसरसुद्धा उतरला नाही. आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांनी भानुदासला नेलं. तो मध काढायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंच विरोधकांच्या सांगण्यावरून मोहोळाला दगड मारला आणि मुद्दाम फाटक उघडलं, असा आरोप. त्याची बायको आमच्या ओट्यावर येऊन बसली. मायनं पाणी दिलं ते तिनं हातात धरून ठेवलं. ती गेल्यावर माय म्हणाली, "आता सांगतीस का मी सांगू?"

"तुला राग न्हाई आला?"

"हाराचा न्हाई आला. भानुदासचा येईल, तू गप बसलीस तर."

मी सय्यद साहेबांकडं गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी उठून कपाटातला एक जुना अंक काढला, पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. मधमाशी डंख मारते तेव्हा त्या जागी एक गंध सोडते. तो गंध आला की बाकीच्या माश्यांना कळतं, शत्रू इथं आहे, या आणि मारा. त्या गंधातलं मुख्य रसायन, त्याचं नाव, त्याचा आराखडा. माझ्या बाटलीवर मीच चिकटवलेल्या चिठ्ठीवर तेच नाव होतं.

"तुला केळं वाटलं," साहेब म्हणाले. "माशीला हुकूम वाटला. रेणू तोच. बनवायला शिकलीस, पन कोन ऐकतंय ते इचारलं न्हाईस." ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गलती माझीपन हाय. बाटली कपाटात ठेवून किल्ली माझ्याजवळ असायला पाहिजे होती. चल."

संचालकांची बैठक चालू होती. चेअरमन साहेबांचा चेहरा अजून भोपळ्यासारखा होता. मी कबुली दिली. कुणालाच खरं वाटेना. एक संचालक म्हणाले, "पोरी, वास मारून मव्हळ उठतंय व्हय? कुनी शिकवलं हे बोलायला?" दुसरे म्हणाले, धनगराची पोर, बापाला वाचवायला आली असेल. बापाला कुणी धरलंच नव्हतं, पण सभेत असं चालतं. मला इतकं लागलं! चोरी कबूल केली तर चोराची लायकी नाही म्हणतात. मी म्हणाले, "बनवून दाखवते."

तिथंच, संचालकांच्या लांब टेबलावर, मी स्पिरिटचा दिवा, फ्लास्क आणि थंड पाण्याची नळी मांडली. तासभर एकही संचालक उठला नाही. पाण्यावर थर तरंगला, मी बूच काढलं, आणि नऊच्या नऊ माणसांनी एकदम श्वास आत घेतला. एकाच्या तोंडाला सुटलेलं पाणी मी डोळ्यांनी बघितलं. मग खिडकीच्या काचेवर बाहेरून टक् असं काही आपटलं. एकच माशी. मागोमाग दुसरी. चेअरमन साहेब टेबलाखाली गेले आणि तिथूनच म्हणाले, "पटलं! बूच लाव! बूच लाव!"

भानुदास संध्याकाळी घरी आला. चेअरमन साहेबांनी मला एकटीला बोलावून अट घातली की हे बाहेर बोलायचं नाही. विरोधी पॅनेलनं हरवलं हे ते सांगू शकत होते. मेंढपाळाच्या मुलीनं बाटलीभर केळ्यानं तळ्यात ढकललं, हे नाही. मी शब्द दिला. माझं काम अर्थातच गेलं. सय्यद साहेबांनी काही समजावलं नाही, कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी एक पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, डिंक लावला आणि हैदराबादच्या त्यांच्या जुन्या प्रोफेसरांचा पत्ता लिहिला. "त्यांच्या हातात दे. तिथं एम.एस्सी. कर. तिथून पुढं ते सांगतील."

आबा केजपर्यंत एस.टी.ला सोडायला आले. माझी ट्रंक टपावर चढवून झाल्यावर ते खिडकीपाशी उभे राहिले. काही तरी बोलायचं होतं, पण शेवटी म्हणाले, "दुकानच टाक, असं मी कवा म्हनलं नव्हतं." आणि वळून निघून गेले.

लातूर यायच्या आधीच मी पाकीट उघडलं. माझ्याविषयी काय लिहिलंय ते मला कळायलाच हवं होतं. आत दोन पानं होती आणि दोन्ही उर्दूत होती. मी ती सरळ धरली, उलटी धरली, शेजारच्या बाईंना दाखवली. अलिफसुद्धा ओळखू येईना. मग मायनं बांधून दिलेल्या दशम्यांचा ओलसर तुकडा चोळून पाकीट पुन्हा चिकटवलं.

प्रोफेसर साहेब बुटके होते, पांढऱ्या कोटाला जागोजागी भोकं पडलेली. त्यांनी पत्र उभ्या उभ्याच वाचलं, मधेच हसले, पुन्हा गंभीर झाले. मग पाकीट उलटं करून चिकटवलेली कड नखानं खरवडली आणि मला विचारलं, "हे वाटेत उघडलं होतंस?"

जन्मभराचा निर्णय करायला मला तेव्हा साधारण एका श्वासाएवढा वेळ मिळाला.

"उघडलं होतं, सर. वाचता नाही आलं."

त्यांनी दुसरं पान माझ्यापुढं धरलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मला अर्थ सांगितला: मुलगी हुशार आहे आणि हे पत्र वाटेत उघडणार आहे, म्हणून उर्दूत लिहितो, विचारल्यावर खरं बोलली तर ठेवून घ्या, नाही तर परतीच्या गाडीत बसवा.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या सिंककडं हात केला. तिथं काळपट पडलेल्या फ्लास्कांचा ढीग होता, माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा. मी ट्रंक भिंतीला लावली, पदर खोचला आणि ब्रश उचलला.